नाव ओढण्याची, काम ढकलण्याचे

2016 साली संसदेने राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला. त्यातल्या 111 जलमार्गांच्या यादीत आपली पैनगंगाही वर्धेच्या जोडीने आहे. मग उमरखेडच्या माणसाला सहजच वाटेल, की आता कापूस-सोयाबीन नदीने जाईल काय? उत्तर हवे तर मालाच्या नावेची अंगे आधी ओळखू या.

बार्ज म्हणजे सपाट तळाची मोठी लोखंडी पेटीच म्हणा ना! गोव्यात मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदराकडे खनिज नेणाऱ्या बार्जींना स्वतःचे इंजिन असे. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरची बार्ज मात्र बिनइंजिनाची. लांबी 195 फूट, रुंदी 35. अशा पंधरा बार्जी तारदोरांनी एकत्र बांधतात आणि त्यांच्या मागे लागते टोबोट. ‘टो’ म्हणजे ओढणे. पण ही बिचारी ढकलते! म्हणून तिचे तोंड निमुळते नसते, भिंतीसारखे सपाट असते. तोंडाशी दोन उभे भक्कम खांब असतात. त्यांना तिकडे ‘नी’, म्हणजे गुडघे म्हणतात. हे गुडघे बार्जीच्या पाठीला टेकवायचे आणि तारदोर रहाटाने ताणायचे. दोर ढिला राहिला तर वळणावर सारा तांडा वाकडा होतो.

सुकाणू आपल्या ओळखीचे. शब्द मूळचा अरबी, आणि सुकाणू समित्या तर गावोगाव आहेत! सुकाणूवर पाण्याचा झोत आदळला तरच नाव नीट वळते. इंजिन उलटे फिरवले की झोत पुढे जातो. म्हणून टोबोटीला पंख्याच्या मागे सुकाणू असतेच, शिवाय पुढेही असते.

आता मुख्य गोष्ट, बूड किती बुडते ती. गुरुजींनी वर्गात पत्र्याचा रिकामा डबा बादलीतल्या पाण्यावर सोडावा, एकेक खडा टाकावा आणि दर वेळी पाण्याची रेघ कोठे येते ते मुलांना दाखवावे. भरलेली मिसिसिपी बार्ज सुमारे 9 फूट बुडते. वरच्या मिसिसिपीवर तेवढे पाणी राखण्यासाठी बंधारे बांधले आहेत, आणि बंधारा ओलांडायला दरवाजांची कुंडे आहेत. नाव कुंडात घ्यायची, दार लावायचे, पाणी चढवायचे किंवा उतरवायचे.

आपल्या पैनगंगेचे पाणी इसापूरला अडते ते शेतीसाठी. खाली उन्हाळ्यात पात्र जागोजागी उघडे पडते, आणि पुढे सहस्रकुंडाला तर नदी कड्यावरून खाली उडीच घेते. तेथे बार्ज उतरवायची, तर आधी तसली कुंडे बांधावी लागतील आणि ती भरायला पाणीही लागेल.