खोकल्याआड दडलेला फुफ्फुसांचा ऱ्हास

कापूस वेचणीचा हंगाम सुरू होऊन रात्रीचा गारठा वाढू लागला, की आर्वी परिसरात खोकल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. ‘हवा बदलली’ किंवा ‘विडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच’ असे म्हणून तिची बोळवण केली जाते. औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणली जाते, चार दिवस आराम पडतो आणि विषय मागे पडतो. मात्र चाळिशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीचा असा खोकला अनेकदा एका गंभीर विकाराची पहिली खूण असते. हा विकार म्हणजे श्वसनमार्गात कायमचा अडथळा निर्माण करणारा दीर्घकालीन फुफ्फुसविकार. वैद्यकीय भाषेत त्याला ‘सीओपीडी’ म्हणतात.

क्षयरोग आणि कर्करोग यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. सीओपीडीचे नाव मात्र सुशिक्षितांनाही अपरिचित असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये या विकाराने जगात सुमारे ३५ लाख लोकांचा बळी घेतला. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता. भारतातील रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होती. २०१६ मध्ये ती ५ कोटी ५३ लाखांवर पोहोचल्याचे राज्यनिहाय रोगभार अभ्यासातून पुढे आले.

फुफ्फुसात नेमके काय घडते?

श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू चिकट स्रावात अडकवून बाहेर लोटणे, हे त्यांचे काम. तंबाखूच्या धुराने हे तंतू निकामी होतात. स्राव साचू लागतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी शरीर खोकल्याचा आधार घेते. सकाळी उठल्याबरोबर येणारा खोकला व बेडका ही त्याचीच परिणती होय. धुरामुळे श्वासनलिकांना कायमची सूज राहून त्या अरुंद होतात. त्याहून मोठी हानी वायुकोशांची होते. फुफ्फुसात असे कोट्यवधी कोश असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींतूनच प्राणवायू रक्तात मिसळतो. या भिंती फाटून लहान कोशांचे मोठे, सैल फुगे बनतात. घेतलेला श्वास पूर्ण बाहेर पडत नाही आणि नव्या हवेला जागा उरत नाही. नष्ट झालेले वायुकोश कोणत्याही औषधाने पुन्हा निर्माण होत नाहीत.

फुफ्फुसांची क्षमता मुळात गरजेपेक्षा अधिक असल्याने ही हानी बराच काळ जाणवत नाही. आधी जिना चढताना दम लागतो, पुढे सपाट रस्त्यावर आणि शेवटी अंघोळ करताना किंवा कपडे घालतानाही. ‘आता वय झाले’ अशी समजूत करून घेत रुग्ण हळूहळू हालचाल कमी करतो. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत फुफ्फुसांची बरीच क्षमता हातची गेलेली असते.

विडी सौम्य नव्हे

विडीत तंबाखू कमी असल्याने ती सिगारेटपेक्षा कमी घातक, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज खेळत नाही. विडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि खोलवर ओढावी लागते. त्यामुळे डांबरसदृश घटक आणि कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात फुफ्फुसात उतरतात.

धूम्रपान न करणारेही यातून सुटत नाहीत. डॉ. संदीप साळवी आणि प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. या भागात आजही अनेक घरांत पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर चूल पेटते. बंद स्वयंपाकघरातील तो धूर गृहिणीच्या छातीत वर्षानुवर्षे साठत राहतो. जिनिंगमधील कापसाच्या धुळीत राबणाऱ्यांनाही श्वसनविकारांचा धोका असतो. त्यात विडीची भर पडली तर संकट दुणावते.

निदान सोपे, पण दुर्लक्षित

या विकाराचे खात्रीशीर निदान ‘स्पायरोमेट्री’ या चाचणीने होते. रुग्णाने खोल श्वास घेऊन तो एका नळीत जोराने व पूर्णपणे सोडायचा असतो. श्वसनमार्ग रुंद करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर पडली, तर अडथळा कायमचा आहे असे समजतात. चाचणी वेदनारहित असून काही मिनिटांत पूर्ण होते. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा विकार सहसा दिसत नाही. अडचण आहे ती पोहोचण्याची. आर्वीत उपजिल्हा रुग्णालय आहे. पण पुढील तपासण्यांसाठी सेवाग्राम किंवा सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये गाठायची, तर मजुराची दिवसभराची मजुरी बुडते. म्हणूनच ‘इंजेक्शन घेऊन बरे वाटते ना’ एवढ्यावर अनेकांचा उपचार थांबतो.

श्वासावाटे घेण्याच्या औषधांविषयीही गैरसमज आहेत. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. हे औषध अल्प मात्रेत थेट श्वसनमार्गात पोहोचते, त्यामुळे शरीराच्या इतर भागांवर त्याचा परिणाम कमी होतो. फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, श्वसनाचे व्यायाम आणि नियमित चालणे यांचाही उपयोग होतो.

सोडण्यास उशीर झालेला नाही

या साऱ्या उपचारांत सर्वांत परिणामकारक आहे तो धूम्रपानत्याग. ब्रिटनमधील फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की धूम्रपान सोडल्यावर गेलेली क्षमता फारशी परत येत नसली, तरी ऱ्हासाचा वेग धूम्रपान न करणाऱ्यांइतका मंदावतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीनुसार वयाच्या साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांचेही आयुष्य सरासरी सुमारे ३ वर्षांनी वाढते. तिशीत सोडणाऱ्यांचे सुमारे १० वर्षांनी.

कायद्याचे पाठबळही आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवरही बंदी घातली, कारण सुटी विडी घेणाऱ्याला पाकिटावरील इशारा दिसतच नाही. गांधीजींच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी अनेक दशकांची आहे. तंबाखूचा धूर मात्र चावडीपासून बसस्थानकापर्यंत कोणालाही खटकत नाही.

व्यसन सोडताना पहिले दोन ते चार आठवडे कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते आणि तलफ येते. ही लक्षणे तात्पुरती असतात. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. घरातील कोणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकला, तर क्षयरोगासाठी बेडक्याची तपासणी करून घ्यावी. त्यात काही निघाले नाही म्हणून निश्चिंत न होता, धूम्रपानाचा किंवा चुलीच्या धुराचा इतिहास डॉक्टरांना सांगून श्वासाच्या चाचणीचा आग्रह धरावा. वेळीच केलेल्या या एका चाचणीमुळे उरलेली फुफ्फुसे वाचवण्याची संधी मिळते.