बिनतारी जग : लेखांक 9 – वणीचा टॉवर आधी संगणकात

मागच्या आठवड्यात फोन टॉवर कसा निवडतो ते पाहिलं. आज एक खांबही न रोवता नेटवर्क कसं तपासतात ते बघू. याला सिम्युलेशन म्हणतात. त्यासाठी सॉफ्टवेअरं बरीच आहेत. बंगळुरूत तयार झालेलं ‘नेटसिम’ आहे, ‘ओमनेट++’ आहे. संशोधकांचा ओढा मात्र ‘एनएस-3’ कडे. 2008 मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आलं आणि अजूनही फुकट मिळतं.

त्याच्या आत एक घड्याळ असतं आणि घटनांची यादी. यादीतली सर्वांत आधीची घटना उचलायची, घड्याळ तिच्या वेळेपर्यंत सरकवायचं, तिचे परिणाम मांडायचे आणि पुढची घटना घ्यायची. मधला रिकामा वेळ सरळ गाळायचा. ‘फोन क्रमांक 37 ने व्हिडिओ मागितला’ ही घटना आली की तिच्यातून पुढच्या शंभर निघतात. 4जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला आपल्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याचे तुकडे फोनांना वाटतो. 10 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे तुकडे असतात 50. वणीच्या रंगनाथ स्वामींच्या जत्रेत रेंज फुल्ल दिसते आणि व्हिडिओ मात्र गोलगोल फिरत राहतो, तो याचमुळे. सिग्नल पोचलेला असतो, पण तुकडे कमी आणि मागणारे फार! संगणकात हीच जत्रा भरवता येते. आधी 200 फोन, मग 2000, आणि नेटवर्क कुठे बसतं ते बघायचं.

जत्रेचं गणित सोपं. जमिनीचं अवघड.

सिग्नल किती अंतरावर किती क्षीण होतो, यासाठी अजूनही ओकुमुरा आणि हाता या जपान्यांचा आधार घेतात. ओकुमुरांची मोजमापं 1968 ची, टोकियो परिसरातली. हातांनी 1980 मध्ये त्यांची सूत्रं बांधली. त्यात ‘शहर’ की ‘मोकळं रान’ हे आपणच सांगायचं असतं. 900 मेगाहर्ट्झवर या एका निवडीने उत्तरात 28 डेसिबलहून जास्त फरक पडतो, म्हणजे सुमारे सातशेपट. निवड चुकली तर पुढचा सगळा हिशोब पाण्यात.

गावाची व्याख्याही अशीच बाहेरून आलेली. 5जीच्या दाव्यांची परीक्षा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सिम्युलेशनवर घेतो. 2017 च्या त्याच्या नियमांत ग्रामीण भागासाठी दोन टॉवरांमधलं अंतर धरलंय 1732 मीटर. एवढ्या अंतरावर टॉवर असलेलं खेडं आपल्याकडे दाखवा म्हणावं! भारताने आग्रह धरला आणि 6 किलोमीटर अंतराची वेगळी कसोटी त्यात आली. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतं, टॉवर तिथे उभा राहील आणि त्यानेच आसपासच्या वाड्यावस्त्या सांभाळायच्या, हा त्यामागचा विचार. 5जीतलं भारताचं हे योगदान मला फार मोलाचं वाटतं, कारण इथे आपलं अंतर आपण सांगितलं.

वणीसाठी तेवढ्याने भागत नाही. उकणी, निलजई या इथल्या उघड्या कोळसाखाणी. कोळशावरची माती काढून बाजूला टाकतात, तिला इथे ‘ओबी’ म्हणतात, आणि तिचे ढिगारे टेकड्यांसारखे वाढत जातात. अशा ढिगाऱ्याचा माथा टॉवर आणि फोन यांना जोडणाऱ्या रेषेला नुसता टेकला, तरी पोचणारी शक्ती चौथाईवर येते. माथा रेषेच्या वर गेला की आणखी घसरण. आता गंमत बघा. उंचसखलपणाचा जो फुकट नकाशा सर्रास वापरतात, तो ‘एंडेव्हर’ यानाने फेब्रुवारी 2000 मध्ये रडारने टिपलेला. त्यानंतर रचलेला ढिगारा त्यात सापडणार कसा? संगणक तिथे सपाट जमीन धरतो आणि रेंज चांगली असल्याचं ठामपणे सांगतो. पुढचे, नवे नकाशेही मिळतात, पण खाण रोज जमीन हलवते. नकाशा टिपला त्या दिवसापासूनच जुना व्हायला लागतो.

एनएस-3 ला टेकडी आपणहून कळत नाही. हा हिशोब बाहेरून करून द्यावा लागतो. म्हणून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना एक सुचवतो. प्रोजेक्टसाठी परक्या शहराचा तयार नमुना उतरवू नका. वणी, जवळचं राजूर आणि उकणी हे तीन बिंदू घ्या आणि ढिगाऱ्यांची आजची उंची भरून सिम्युलेशन चालवा. मग फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते, ती त्याच रस्त्यावर जागोजागी लिहून घ्या. उणे 90 म्हणजे बरी, उणे 115 म्हणजे जवळपास गेलेली. दोन्ही आकडे शेजारी मांडून फरक कुठे पडतो ते बघा. मोजणी सार्वजनिक रस्त्यावरूनच करा, परवानगीशिवाय खाणीच्या हद्दीत जाऊ नका. पुढच्या लेखांकात, धावत्या बसमध्ये कॉल एका टॉवरवरून दुसऱ्याकडे कसा जातो ते पाहू.