विषारी सापाची पेटी कशाची करावी?

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तेथील स्कान्सेन मत्स्यालयात माशांबरोबर सापही ठेवलेले आहेत. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी तेथील एक नागराज, म्हणजे ज्याला आपण किंग कोब्रा म्हणतो तो, आपल्या काचेच्या दालनातून नाहीसा झाला. साप दोन मीटरहून लांब. मग तो गेला तरी कोठून?

वरच्या दिव्याच्या बैठकीतून! पूर्वी त्या जागी जुन्या पद्धतीचा, तार तापवून प्रकाश देणारा दिवा होता. अशा दिव्यात विजेचा जेमतेम विसावा भाग प्रकाशरूपाने मिळतो, बाकीची सारी उष्णताच. त्यामुळे दिवा इतका तापत असे की साप त्याच्या जवळही फिरकत नसे. पुढे वीज वाचविण्यासाठी तेथे कमी विजेवर चालणारा दिवा बसविला. तो तापत नाही. दिवा आणि त्याची बैठक यांच्यामधील फट पहिल्यापासून तेथेच होती, तिच्यावरचा पहारा मात्र उठला. नवा दिवा लावताना हे कोणाच्या डोक्यात येणार? सापाने फटीत डोके घातले, जोर केला आणि तो बाहेर पडला. शेवटी क्ष-किरण यंत्राने त्याला भिंतीच्या पोकळीत शोधले. आठवड्याभराने तो आपल्या आपणच दालनात परत आला.

विद्यार्थी मित्रहो, पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये परवानगीवाचून नाग, घोणस यांसारखे साप पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी सुताराकडे धावू नये! पण सर्पोद्यानांत आणि प्रतिविषासाठी विष काढणाऱ्या केंद्रांत साप ठेवावेच लागतात. तेथे पाणी बदलायला, घाण काढायला कोणी तरी माणूस ती पेटी उघडतो. त्याचा जीव पेटीच्या फटींवर अवलंबून असतो.

पेटीचे माप कोणत्या सापावरून घ्यावे? मोठ्या सापावरून, असे उत्तर पटकन येईल. ते चूक आहे. घोणस अंडी घालीत नाही, पिल्ले देते. एका वेळी वीस-तीस पिल्ले सहज होतात. प्रत्येक पिल्लू वीतभर लांबीचे आणि जन्मतःच विषारी. पकडून आणलेली मादी गाभण आहे की नाही, हे बाहेरून नेहमीच कळते असे नाही. म्हणून मोठा साप अडेल एवढी जाळी पुरत नाही, पिल्लाचे डोके अडले पाहिजे. डोके शिरले की मागचे अंग बहुधा शिरतेच. शिवाय तारेच्या जाळीवर साप सारखे तोंड घासतो आणि त्याला जखमा होतात. नागाचा सुळा जाळीतून बाहेर येऊ शकतो, हा आणखी एक धोका. हवेसाठी छिद्रे हवीतच, पण ती बारीक हवीत, आणि सफाई करणाऱ्याचा हात जेथे टेकेल तेथे नकोत.

आता काच. ती गुळगुळीत असल्याने घर्षण फार कमी, त्यामुळे उभ्या काचेवर सापाला पकड मिळत नाही. पण दोन काचा जेथे मिळतात त्या कोपऱ्यात अंगाला दोन बाजूंनी रेटा देता येतो. म्हणून काचेची पेटी झाकणावाचून कधीही सुरक्षित नसते. नाग अंगाचा सुमारे एक तृतीयांश भाग सरळ वर उचलतो, हेही विसरू नका.

काच कोणती घ्यावी, हा प्रश्न गमतीचा आहे. दुकानदार म्हणेल, 'टफन्ड घ्या, मजबूत असते.' खरेच असते. ही काच तापवून एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो आणि आतला भाग मागाहून आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. चीर पडण्यासाठी आधी हा दाब ओलांडावा लागतो. पण एकदा का ती फुटली, की सगळ्या तावदानाचा बारीक चुरा होऊन खाली पडतो. मोटारीच्या बाजूच्या काचेचे असे खडे रस्त्यावर तुम्ही पाहिले असतील. मनुष्याला त्यांनी कापत नाही म्हणून ती मोटारीत चांगली. सापाच्या पेटीत मात्र चुरा झाला की समोरची भिंतच नाहीशी! त्यापेक्षा मोटारीच्या पुढच्या काचेची जात बरी. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. काच तडकली तरी तुकडे त्याला चिकटून जागीच राहतात. फुटलेल्या काचेची भीती काही उगाच नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने आपले विषारी साप मारून टाकले होते. बाँब पडून ते मोकळे सुटतील, ही धास्ती होती.

काच फुटते, तर मग अ‍ॅक्रिलिक का नको? ते हलके, पारदर्शक आणि सहज न फुटणारे आहे. येथे आपण थोडे गणित करू. अ‍ॅक्रिलिकचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००७ आहे. काचेचा ०.०००००९. समजा, १२०० मिलिमीटर लांबीचे अ‍ॅक्रिलिकचे तावदान हिवाळ्यातल्या पहाटे, १५ अंश तापमानाला, दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट आवळले. उन्हाळ्यात दुपारी तापमान ४० अंश झाले. वाढ किती?

१२०० × ०.००००७ × २५ = २.१ मिलिमीटर.

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण टोके जखडलेली असल्याने ही वाढ जाणार कोठे? तावदान मध्यभागी फुगणार. सोयीसाठी ते मध्यावर वाकून दोन सरळ रेघांचे झाले असे धरा. अर्ध्या भागाचा काटकोन त्रिकोण घ्या: पाया ६०० मिलिमीटर, कर्ण ६०१.०५ मिलिमीटर. पायथागोरसच्या सिद्धांतावरून उंची काढून पाहा. ती येते सुमारे ३५ मिलिमीटर! प्रत्यक्षात वळण गोलसर असल्याने फुगवटा थोडा कमी भरतो, तरी तीन सेंटिमीटर होतोच. वरच्या आणि खालच्या कडेला एवढी फट पडली तर घोणशीच्या पिल्लाचीच काय, मोठ्या नागाचीही सोय झाली. वर्गात हा हिशेब केला की मुलांचा विश्वास बसत नाही. पुठ्ठ्याची पट्टी दोन पुस्तकांच्या मध्ये धरून पुस्तके किंचित जवळ सरकविली, की बसतो.

यावर उपाय सोपा आहे. तावदान स्क्रूने न आवळता चांगल्या खोल खोबणीत सैल बसवावे. टोकांना वाढायला जागा राहते, आणि कडा खोबणीत दडलेल्या असल्याने फट उघडी पडत नाही. तेवढ्याच लांबीच्या काचेची वाढ पाव मिलिमीटरच्या आसपास भरते, तिलाही खोबण बरीच.

लाकडाची तऱ्हा निराळी. ते उष्णतेने फारसे वाढत नाही, पण दमट हवेत फुगते, तेही रेषांना आडव्या दिशेने. आमच्या प्रयोगशाळेतील एका कपाटाचे दार जुलैत उघडत नाही आणि एप्रिलमध्ये मिटत नाही. जुलैत सुताराने ते रंधून दिले, त्याचा हा परिणाम! सापाच्या पेटीचे दार असे असून चालणार नाही. प्लायवुडमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा काटकोनात असतात. एका थराच्या फुगण्याला शेजारचा थर अडवितो, म्हणून ते बेताचेच फुगते. लाकूड उष्णतेचे मंदवाहकही आहे, काचेपेक्षा सहा-सात पटींनी. सापाला स्वतःची उष्णता निर्माण करून अंग गरम राखता येत नाही, त्यामुळे हे महत्त्वाचे. लोखंडी पत्रा मजबूत खरा, पण उन्हात भट्टी आणि थंडीत बर्फ.

आता चेन्नईजवळच्या वडनेम्मेली गावाकडे वळू. तेथे इरुला या आदिवासी जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था आहे, १९७८ मध्ये स्थापन झालेली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढून ते प्रतिविषासाठी पुरविणे हे तिचे काम. हे साप ते कशात ठेवतात? मातीच्या मडक्यात! तळाशी वाळू, वर सुती कापड, आणि मडक्याच्या गळ्याभोवती दोरी.

हसू नका, नीट पाहा. मडके एकसंध असते. चार भिंती, तळ आणि झाकण यांचे सांधे त्याला नाहीतच. कोपराही नाही, मग साप रेटा देणार कशाला? पोट फुगीर आणि तोंड अरुंद असल्याने भिंत वर जाताना आत झुकते, आणि तिच्यावर चढणे उभ्या भिंतीपेक्षाही कठीण. माती सच्छिद्र असल्याने ओल झिरपून बाष्पीभवन होते आणि आत गारवा राहतो. सुती कापडातून हवा जाते. काठ थोडा बाहेर वळलेला असल्याने गळ्याला बांधलेली दोरी वर सरकत नाही. कापड ताठ नसल्याने काठाच्या उंचसखलपणाशी जुळते, तेथे फट राहत नाही. सारी जोखीम एका गाठीवर येते, आणि ती डोळ्यांना दिसते.

उणिवाही आहेत. मडके पडले की फुटते, आणि कापडावर हात ठेवला तर आतून दंश होऊ शकतो. म्हणून ही मडकी घरात ठेवायची वस्तू नव्हे. जाणत्या हातांनी, बंदिस्त जागेत, थोड्या दिवसांसाठी वापरायची ती सोय आहे. तीन-चार आठवडे, आठवड्यातून एकदा विष काढले जाते. मग साप रानात सोडून देतात.