देवाची पावती

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली नाहीं, असा मराठी वाचक विरळाच. महिपतीबोवांनीं इ. स. १७६२ मध्यें पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’नें ती घरोघर पोंचविली. दुष्काळांत बेदरच्या बादशहाचीं धान्याचीं कोठारें पंतांनीं भुकेल्यांस मोकळीं केलीं. बादशहानें त्यांस धरून आणण्याचा हुकूम सोडला. इतक्यांत पांडुरंग विठू महाराच्या रूपानें दरबारांत गेला, धान्याचें मोल त्यानें चुकतें केलें आणि मिळालेली पावती पंतांच्या गीतेच्या पोथींत आणून ठेवली. कीर्तनकार येथवर आले कीं श्रोत्यांचे डोळे भरून येतात. आमचें लक्ष मात्र वाढत्या वयाबरोबर दुसरीकडेच जाऊं लागलें आहे. दरबारांत उभ्या असलेल्या विठूला कोणींच ओळखलें नाहीं. बादशहानें नाहीं, कारकुनांनीं नाहीं. तो त्याच वेषांत पंतांच्या दाराशीं आला असता, तर पंतांनीं तरी ओळखलें असतें काय? त्यांना कळलें तें पावती हातीं आल्यावर, म्हणजे मागाहून.

आम्हां उमरगेकरांस हा विचार टाळतां येत नाहीं, याचें कारण १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपतींचें विसर्जन करून गांवोगांवचीं माणसें उशिरा निजलीं होतीं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांच्या सुमारास धरणी हादरली, आणि किल्लारी, सास्तूर यांसह बावन्न गांवें मातीस मिळालीं. सास्तूर तेव्हां आमच्याच तालुक्यांत होतें. पुढें लोहारा तालुका निराळा झाला. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरांत गेली.

इतकीं माणसें गेलीं तीं एका अर्थीं घरांनींच मारलीं. आमच्या भागांतील जुन्या घरांच्या भिंती दगड नुसत्या चिखलांत बसवून रचलेल्या. हात-दीड हात रुंद, कित्येक त्याहूनहि जाड. वर लांकडाच्या माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत हें घर मोठें सुखाचें. पण हादरा बसतांच दगड सुटे झाले आणि वरचें सारें ओझें निजलेल्यांवर आलें. तथापि एक गोष्ट पुष्कळांनीं पाहिली. जेथें माळवद भिंतींवर न टेकतां लांकडी खांब-तुळयांवर तोललेलें होतें, तेथें कित्येक ठिकाणीं भिंती ढासळल्या तरी खांब उभे राहिले, आणि खालचीं माणसें वाचलीं. तो सांधा घट्ट बसविणारा सुतार कोण, कोणत्या पिढींतला, त्यास मजुरी तरी पुरती मिळाली होती कीं नाहीं, हें त्या घरांतील कोणासहि सांगतां आलें नसतें.

आमच्या घरास एक तडा गेला, एवढेंच. उजाडल्यावर शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं, आपण सारे सुखरूप राहिलों म्हणून सत्यनारायण घालण्याचें मनांत आणलें व आमच्या आईस विचारावयास आले. आई फारशी शिकलेली नव्हती. ती म्हणाली, “अहो नाना, आपण वाचलों म्हणून देवाचे आभार मानायचे, तर सास्तूरच्यांनीं काय मानायचें? काल रात्रीं त्यांनींहि आरती केलीच होती कीं. प्रसादाचा रवा राहूं द्या. ज्वारीचें पीठ किती आहे तें पाहा.” नानांना राग आला असावा, परंतु तासाभरांत त्यांच्याहि घरच्या भाकऱ्या आमच्या ओटीवर येऊन पडल्या.

आईच्या त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आजहि देतां येत नाहीं. ज्या मंगळवेढ्यास पंतांसाठीं देव धांवला, त्याच मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालूं असतां भिंत कोसळून चोखोबा गेले, अशी परंपरा सांगते. प्रार्थनेंत कमी पडले म्हणून गेले, असें म्हणण्याचें धाडस कोण करील? तेव्हां वांचलेल्यानें आपलें वांचणें हें आपल्या पुण्याईच्या खातीं लिहूं नये, इतकें आम्ही त्या दिवसापासून मानतों.

भाकऱ्या घेऊन निघालेल्या एका ट्रकांत आम्हीहि चढलों. आमच्या आत्याबाई त्या पट्ट्यांतील एका गांवीं असत, त्यांचा कांहीं ठाव लागतो का, हा हेतूहि मनांत होताच. दुपारीं पोंचलों तों गांव म्हणावें असें कांहीं उरलें नव्हतें. भूकंपांत कोणीं कोणाची जात पाहिली नाहीं, असें मागाहून पुष्कळ लिहिलें गेलें. इतरांचें ठाऊक नाहीं. आम्ही तसें छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं.

आत्याबाई जिवंत होत्या. एक मनुष्य पहाटेपासून पहार घेऊन तो ढिगारा उपशीत होता. आंतून नामस्मरणाचा क्षीण आवाज येत होता, त्याच्या रोखानें खणीत तो त्यांच्यापर्यंत पोंचला. त्याचीं स्वतःचीं दोन मुलें घोंगडीखालीं झांकून ठेवलेलीं पलीकडे दिसत होतीं. त्यानें पाणी मागितलें. आमच्याजवळ तांब्या होता. तो त्याच्या हातीं द्यावयाचा सोडून आम्हीं वरून धार धरली. विचार करून नव्हे. हातास वळणच तसें होतें. त्यानेंहि मुकाट्यानें ओंजळ पुढें केली, पाणी प्याला, तोंडावरून ओला हात फिरविला आणि पुढच्या ढिगाऱ्याकडे गेला. त्याचें नांव आम्हीं विचारलें नाहीं.

पुढें सैन्य आलें, देशोदेशींची मदत आली. पांच दिवस उलटल्यावर ढिगाऱ्याखालून दीड वर्षाची एक मुलगी जिवंत काढणाऱ्या सैन्याधिकाऱ्याची वार्ता सर्वत्र झाली, ती व्हावी अशीच होती. भारतीय जैन संघटनेनें सुमारे १,२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. पहारवाल्याची वार्ता कोठेंच झाली नाहीं.

दोन वर्षांनीं आम्ही त्यास शोधावयास गेलों. गांव नव्या जागीं वसत होतें, रुंद रस्ते, सारखीं घरें. चार-सहा जणांस खूण सांगितली. पहार घेऊन त्या दिवशीं अर्धें गांवच खणीत होतें, तुम्ही म्हणतां तो नेमका कोण, असें त्यांनीं विचारलें. आम्हांस ओंजळ तेवढी आठवत होती, चेहरा नाहीं.

आत्याबाई पुढें अकरा वर्षें आमच्याकडेच होत्या. तांब्याची हकीकत त्यांस आम्हीं कधीं सांगितली नाहीं. सायंकाळीं दिवा लावून हात जोडतांना पांडुरंगाच्या नांवापाठोपाठ त्या “आणि त्या पहारवाल्याला सुखी ठेव” एवढें म्हणत. त्यांच्यामागें आमच्या सूनबाईनें तें वाक्य तसेंच चालूं ठेविलें आहे. परवां धाकट्या नातवानें, पहारवाला म्हणजे कोणता देव, असें विचारलें. त्यास सारें सांगितलें, तांब्याचेंहि सांगितलें.