पाटाच्या कडेने सायकल

आमच्या निफाड-कोपरगाव भागात कालव्याला सहसा कोणी कालवा म्हणत नाही, पाट म्हणतात. 'पाटाला पाणी आलं' या तीन शब्दांवर गावातल्या उधाऱ्या, पेरण्या आणि भांडणे ठरतात. परंतु पाटातल्या पाण्याविषयी एवढे बोलले जात असता, त्याच्या शेजारून मैलोगणती जाणाऱ्या मुरमाच्या वाटेविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. भूगोलाचा विद्यार्थी आणि सायकलस्वार अशा दुहेरी नात्याने ते काम मी अंगावर घेतले आहे.

परदेशात अलीकडे 'ग्रॅव्हल बायकिंग' नावाचा छंद बराच वाढला आहे. डांबरी रस्ता व मोटारींची वर्दळ सोडून खडी-मातीच्या वाटांनी लांबवर सायकल हाकायची, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी खास सायकली मिळतात. त्यांचे टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात. गंमत अशी, की आपल्या वडीलधाऱ्यांच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलचा टायर दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद असतो! दूधवाल्याची सायकल या बाबतीत विलायती सायकलच्या फारशी मागे नाही. तिला गिअर नसतात हे खरे. पण पाटाच्या वाटेवर गिअरची आठवणही होत नाही. ती का होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

पाटाला पंप नसतो. पाणी स्वतःच्या वजनाने वाहत जायचे, तर पाटाला उतार हवा. पण उतार जास्त झाला तर पाणी मातीचा तळ खरवडून नेते, आणि कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून मोठ्या मातीच्या कालव्याला काही हजारांत एक असा अगदी सूक्ष्म उतार देतात. पाच हजारांत एक धरला, तर किलोमीटरमागे वीस सेंटिमीटर होतात. दहा किलोमीटर सायकल चालवली तर तुम्ही फक्त दोन मीटर खाली उतरलेले असता! देखरेखीसाठी भरावावरून केलेली वाट पाटाला धरून चालते, त्यामुळे तीही तितकीच सपाट. चढ नाही, उतार नाही. वळणे मात्र भरपूर. टेकाड आले की त्याला वळसा घालायचा, ओहोळ आला की तो मोरीतून खालून काढून द्यायचा, आणि ओहोळ मोठा असला तर पाटालाच जलसेतूवरून पलीकडे न्यायचे. नकाशावरच्या समोच्च रेषा वर्गात समजायला मला एक सत्र लागले. सायकलवर त्या एका सकाळी पायांना समजल्या.

आता नदीकडे पाहा. गोदावरीचा उतार पाटापेक्षा अधिक. त्यामुळे दोघेही नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी जवळजवळ निघाले, तरी पुढे नदी खाली खाली जाते आणि पाट तिच्यापासून दूर, उंचावर राहतो. या दोघांमधली पाचरीसारखी रुंदावत जाणारी जमीन म्हणजेच लाभक्षेत्र. वाटेवरून जाताना एका हाताला ऊस, कांदा, द्राक्षाचे मांडव, आणि दुसऱ्या हाताला, पाटाच्या वरच्या अंगाला, बाजरी नाहीतर माळ, असे चित्र कित्येक ठिकाणी अजून दिसते. विहिरींमुळे व उपसा पाण्यामुळे ते आता पुसट झाले आहे. पण पूर्वी दोन सख्ख्या भावांतल्या वाटणीत पाट मधून गेला असेल, तर एकाची मुले शिकली आणि दुसऱ्याची रोजगाराला गेली, असे का घडले असेल, हे त्या भरावावर उभे राहिले की निराळे सांगावे लागत नाही.

वर इगतपुरीकडचे दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. दारणेचे आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचे सोडलेले पाणी नदीपात्रातून येते, नांदूर मध्यमेश्वरला अडते आणि डाव्या व उजव्या पाटात वळते. डावा सुमारे ९० किलोमीटर, उजवा सुमारे ११०. वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवा त्यांच्या कितीतरी नंतरचा.

बंधारा जिथे आहे, तिथेच गोदावरीला कादवा मिळते. दोन नद्यांचे पाणी अडले म्हणजे दोन नद्यांचा गाळही अडला. शंभराहून अधिक वर्षे तो साचत गेला. बेटे झाली, उथळ पाणथळी झाल्या, लव्हाळे आणि पाणकणीस माजले. इंजिनियरच्या हिशेबात हे नुकसान, कारण साठवण घटली. पक्ष्यांच्या हिशेबात हीच वतने! १९८६ साली येथे अभयारण्य झाले, आणि २०२०च्या जानेवारीत ही जागा रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातील ती पहिली रामसर पाणथळ जागा. हिवाळ्यात चक्रवाक आणि नाना जातींची बदके येतात. चित्रबलाक, चमचे, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पक्षी येथे थव्यांनी पोहत असतो. त्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले, त्याला मी या अंकातल्या कोणत्याही कवीपेक्षा अधिक गुण देईन. मोटारसायकलच्या फटफटीने हा सारा मेळा उठून जातो. सायकल थांबवून निमूट उभे राहिले, तर बराच वेळ तुमच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

गाळ काढून साठवण वाढवा, असे शेतकरी म्हणतो. त्याचे चूक आहे असे मला म्हणवत नाही. त्याला पाळीचे पाणी हवे आहे. त्यातच २००५च्या कायद्यानंतर, तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा प्रश्न येतो, आणि आमच्याकडे आवर्तन किती मिळणार याची चिंता सुरू होते. पक्षी, नाशिक-नगर आणि मराठवाडा, तिघांचेही पाणी तेच.

वाटेचे भवितव्य मला याहून अधिक अनिश्चित वाटते. कोठे भरावावर बांधकामे आली आहेत, कोठे वेड्या बाभळींनी वाट गिळली आहे. जिथे लोकांनी मागणी करून तिच्यावर डांबर घालून घेतले, तिथे आठ दिवसांत ट्रॅक्टर धावू लागतात. गावकऱ्यांची सोय होते, हे नाकारता येणार नाही. पण लासलगावच्या बाजाराला निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारी उसाची वाहने यांच्यामधून सायकलवर शाळेला जाणाऱ्या मुलींना ही एकच निवांत वाट होती. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ चेसापीक-ओहायो नावाचा जुना कालवा आहे. खेचरांनी नावा ओढण्यासाठी त्याच्या कडेने १८४.५ मैल वाट होती. १९२४ साली वाहतूक बंद पडली, आणि पुढे त्या जागी मोटाररस्ता करण्याची योजना निघाली. विल्यम डग्लस नावाचे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश १९५४ मध्ये संपादकांना आव्हान देऊन ती वाट पायी चालायला निघाले. १९७१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आज त्या वाटेवर सायकली धावतात. आमचा पाट काही बंद पडलेला नाही. तो चालू कारखान्यासारखा आहे. म्हणून येथे उद्यान नको. भराव मोकळा ठेवावा, मुरूम दाबावा आणि डांबर आवरावे, एवढेच माझे मागणे आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. भराव पाटबंधारे खात्याचा आहे, तेव्हा चौकीवर आधी विचारावे. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, दिवाळीनंतर जावे. सराट्याचे आणि बाभळीचे काटे असतात, म्हणून ठिगळ, सोल्यूशन आणि हवेचा पंप जवळ हवा. टायर दगडासारखा टणक भरू नये. हवा जरा कमी असली म्हणजे मुरमावर पकड येते. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा असतो; पाटाबरोबर पूर्वेला जाताना तो आपल्याला स्वतःच्या ताकदीविषयी गैरसमज करून देतो आणि परतताना हिशेब चुकता करतो. निफाडच्या उसात बिबट्या आहे, तेव्हा उजाडल्यावर निघून दिवस मावळण्यापूर्वी परतावे. पाण्यात उतरू नये. कड निसरडी असते आणि पाट वरून दिसतो त्याहून खोल असतो. बारे देणारा शेतकरी वाटेत भेटला, तर सायकलवरून उतरून त्याला आधी जाऊ द्यावे, कारण त्याची पाळी घड्याळावर चाललेली असते.

आणि जमले तर एकदा शेपटापर्यंत जावे. प्रत्येक चारी आपला वाटा काढून घेते, तसतसा पाट अरुंद होत जातो, आणि शेवटी एका उडीत ओलांडता येईल एवढाच उरतो. तिथल्या माणसाला पाणी कधी आले होते असे विचारले, तर तो महिना सांगत नाही. तारीख आणि वेळ सांगतो.