बाळ मांडीवर असताना फिट आली तर?

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: "मला अपस्मार आहे, दोन महिन्यांनी बाळ येतंय. घरचे म्हणतात, तू बाळाला उचलूच नकोस. खरंच का?"

मलाही फिट येतात आणि माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. मी तिला रोज घेतो. फक्त कुठे आणि कसं घ्यायचं, हे ठरवून. आमच्या कामात सर्व्हर कधीतरी पडणारच असं धरून सिस्टीम बांधतात. इथेही तेच. फिट येईल असं धरायचं, आणि आली तर बाळ पडणार कुठे, एवढं बघायचं.

म्हणून सगळं जमिनीवर. या बाबतीत आपली घरं बरी, खाली बसायची सवय असते. जाड गादी टाका, भिंतीला टेकून बसा, बाजूला उशा ठेवा. दूध पाजणं, लंगोट बदलणं, खेळवणं, सगळं तिथेच. बेडच्या कडेला किंवा टेबलावर नाही. घरात एकटे असाल तर बाळाला कडेवर घेऊन जिना उतरू नका. छातीला बांधायचं कॅरियरही नको, कारण तुम्ही पडलात तर बाळ तुमच्याखाली येतं. आणि बाळ जवळ असताना हातात गरम चहा नको. रात्री बाळ शेजारी, पण स्वतःच्या पाळण्यात.

आता पाणी. पाटावर बसून, पाय लांब करून त्यावर बाळाला न्हाऊ घालायची आपली पद्धत जमिनीलगतची असल्यामुळे सुरक्षित वाटते. पण शेजारी कढत पाण्याची बादली असते, आणि बाळ बुडायला चार बोटं पाणीही पुरतं. आंघोळ आजीने किंवा मालिशवाल्या मावशींनी घालावी, नाहीतर दुसरं कोणी शेजारी हवंच. एकटे असाल त्या दिवशी ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्या. बाळाचं काही बिघडत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका जागरणाचा. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी, फिट यायला एवढं पुष्कळ. आमच्याकडे ऑन-कॉलसारखी पाळी आहे. पहाटे चारपर्यंत बायको, नंतर मी. आईला अपस्मार असेल तर काढून ठेवलेलं दूध रात्री बाबाने किंवा आजीने वाटी-चमच्याने पाजावं, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळते.

"औषधं चालू आहेत, मग अंगावर पाजू नकोस" हेही ऐकवलं जातं. बहुतेक औषधांवर स्तनपान चालतं. गोळी मनाने बंद करणं जास्त धोक्याचं. गरोदरपणात डोस वाढवला असेल तर बाळंतपणानंतर तो पुन्हा कमी करावा लागू शकतो. कधी आणि किती, हे न्यूरोलॉजिस्टला बाळंतपणाआधीच विचारून ठेवा.

काही जणांना फिटच्या आधी चाहूल लागते: विचित्र वास, पोटात गोळा. तसं झालं की बाळाला लगेच जमिनीवर ठेवायचं आणि हाक मारायची. बाथरूमला आतून कडी लावायची नाही.

आणि घरच्यांनो, तुमच्यासाठी. आधी बाळाला बाजूला घ्या. मग आमच्या डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, यातलं काही नको. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ लावा.