अमेरिकेतील वंशावळ-संशोधन

अमेरिकेतील वंशावळ-संशोधन म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कुटुंबांच्या पूर्वजांचा जनगणना, चर्चची दप्तरे, जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रे, लष्करी कागदपत्रे, उतारूंच्या याद्या आणि चरित्रे यांच्या आधारे घेतला जाणारा शोध होय. बॉस्टन येथे १८४५ मध्ये स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी ही या क्षेत्रातील देशातील सर्वांत जुनी संस्था आहे. महाराष्ट्रातील कुलवृत्तांत बहुधा एका मूळ पुरुषापासून खाली उतरत येतो. अमेरिकी संशोधक मात्र हयात व्यक्तीपासून आरंभ करून एकेक पिढी मागे जातो. कारण समान आडनावाच्या प्रसिद्ध पुरुषापासून खाली येऊ पाहणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच कुळात शिरतो.

जनगणना

दर दहा वर्षांनी होणारी संघीय जनगणना हा या संशोधनाचा कणा आहे. पहिली जनगणना १७९० मध्ये झाली. १८४० पर्यंतच्या नोंदींत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असून इतरांची नुसती संख्या आढळते. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान लिहिले जाऊ लागले. परंतु कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पर्यंत नोंदवले जात नव्हते. त्यामुळे १८६० च्या पानावर एका घरात दिसणारे मूल हे त्या घरातील अपत्यच असेल असे नाही. ते पुतण्या, सावत्र मूल किंवा कामाला ठेवलेला मुलगाही असू शकते. वैयक्तिक नोंदी ७२ वर्षे गोपनीय राहतात. त्यानुसार १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली.

गुलामगिरीत असलेल्या लोकांच्या वंशजांसाठी याच दप्तरात मोठी भिंत उभी राहते. १८५० व १८६० मध्ये गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते केले गेले. त्यांत मालकाचे नाव असे. गुलामांचे मात्र, थोडे अपवाद वगळता, फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्या सर्वांची नावे प्रथम १८७० च्या जनगणनेत येतात. त्यामागे जाण्यासाठी संशोधकाला मालकाच्या कुटुंबाचा इतिहास अभ्यासावा लागतो, कारण माणसांची नावे मालकाच्या मृत्युपत्रात, वाटणीपत्रात किंवा कर्जाच्या तारणात मालमत्ता म्हणून उतरलेली असतात. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्युरोची कागदपत्रे आणि फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या खातेदारांच्या नोंदी यांचे मोल यामुळेच मोठे आहे. या बँकेच्या अनेक नोंदींत खातेदाराचे आईवडील, भावंडे आणि क्वचित पूर्वीचा मालक यांचाही उल्लेख सापडतो.

चरित्र आणि दप्तर : हेमिंग्ज कुटुंब

चरित्रग्रंथ व दप्तरे यांच्यात विरोध आल्यास काय होते, याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिचेलो येथील मळ्यावरचे आहे. तेथील गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांचे पुत्र मॅडिसन हेमिंग्ज यांनी १८७३ मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्रात आपली जीवनकथा प्रसिद्ध केली आणि जेफरसन हे आपले पिता असल्याचे सांगितले. त्याआधी १८७० च्या जनगणनेत गणना करणाऱ्याने त्यांच्या नावापुढे हीच गोष्ट टिपून ठेवली होती. ही टीप पुरावा म्हणून फार दूर नेता येत नाही, कारण ती ऐकीव असण्याचाच संभव अधिक. परंतु हा दावा वृत्तपत्रात येण्यापूर्वीही बोलला जात होता, एवढे तिच्यावरून ठरते.

जेफरसन यांच्या चरित्रकारांनी हे कथन दीर्घकाळ नाकारले. त्यांचा आधार जेफरसन यांच्या नातवंडांच्या सांगण्यावर होता. नातवंडांनी पितृत्व जेफरसन यांच्या कार आडनावाच्या भाच्यांकडे लावले होते. मात्र कोणत्या भाच्याकडे, यावर त्यांचे एकमत नव्हते. विधिज्ञ व इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, मालकाच्या कुटुंबाची साक्ष सहज स्वीकारणारे इतिहासकार गुलामाच्या साक्षीला मात्र वेगळा निकष लावत आले. जेफरसन यांच्या शेतीवहीत सॅली यांच्या मुलांचे जन्म नोंदलेले आहेत. जेफरसन यांच्या प्रवासांच्या तारखांशी ते जुळवून पाहता, प्रत्येक गर्भधारणेच्या काळात ते माँटिचेलो येथेच होते असे दिसते.

१९९८ मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेफरसन यांचा औरस पुत्र जगला नसल्याने त्यांचे काका फील्ड जेफरसन यांच्या पुरुषवंशातील वाय गुणसूत्राशी तुलना करण्यात आली. सॅली यांचे धाकटे पुत्र एस्टन यांच्या वंशजाशी ते जुळले, कार वंशाशी जुळले नाही. ही तपासणी थॉमस आणि त्यांच्या वंशातील अन्य पुरुष यांत भेद करू शकत नाही. म्हणून निर्णायक भार पुन्हा शेतीवही व तारखांवरच येतो. माँटिचेलोची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठानाने २००० मध्ये मॅडिसन यांचे कथन बहुतांशी मान्य केले, तरी काही अभ्यासक असहमत आहेत. त्याच तपासणीत आपण जेफरसन यांचे वंशज आहोत अशी परंपरा सांगणाऱ्या वुडसन घराण्याचा दुवा मात्र जुळला नाही.

स्थानिक चरित्रकोश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काउंटीनिहाय इतिहासग्रंथांची लाट आली. त्यांतील चरित्रे बहुधा वर्गणीदारांची असत व मजकूर त्यांनीच पुरवलेला असे. लेखनाच्या काळातील व्यवसाय, विवाह, स्थलांतर यांबाबत ती उपयुक्त आहेत; समुद्रापलीकडच्या उमराव पूर्वजांबाबत नव्हेत. गुस्ताव्ह आंजू यांनी तर श्रीमंत अशिलांसाठी बनावट वंशावळी रचल्या, आणि त्या आजही नकलून घेतल्या जातात.

स्थलांतर, दफनभूमी व तारखा

१८२० पासून बंदरांवर उतारूंच्या याद्या नियमित मिळतात. एलिस आयलंड येथे १८९२ ते १९५४ या काळात १ कोटी २० लाखांहून अधिक लोक उतरले. तेथील अधिकाऱ्यांनी आडनाव बदलले, ही अनेक घराण्यांत सांगितली जाणारी कथा दप्तराला धरून नाही. याद्या निघण्याच्या बंदरावरच तयार होत. नावे बहुधा नंतर स्थलांतरितांनी स्वतः बदलली.

थडगे जवळ असल्यावरून नाते गृहीत धरता येत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या रक्षेचे स्मारक न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे; त्यांचे नाते स्नेहाचे होते, रक्ताचे नव्हते. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील जन्मांची दोन वर्षे लिहिलेली आढळतात.

नष्ट झालेली दप्तरे

१८९० च्या जनगणनेचा बहुतांश भाग १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीनंतर नष्ट झाला. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसजवळील आगीत सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. ही पोकळी शहरांच्या नामसूची, करांच्या वह्या आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज यांनी अंशतः भरून काढली जाते. विधवेला निवृत्तिवेतनासाठी विवाह सिद्ध करावा लागे. म्हणून अशा अर्जांना कधी कधी घरातील बायबलमधून फाडलेले, जन्ममृत्यूंच्या नोंदींचे मूळ पानच जोडलेले सापडते.